बेहड्याच्या जागी ताटवा

एका राज्यात, जिथे मंत्र गल्लोगल्ली मिळत पण विहिरीचं पाणी मात्र स्वतःच शेंदावं लागे, रत्नपाळ नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या महालासमोर एक बेहडा होता. तीनशे वर्षांचा, चार माणसांच्या कवेत न मावणारा. राजाने एक नवा सज्जा बांधला. सज्जातून तलाव दिसावा अशी त्याची इच्छा होती, आणि दिसत होता बेहडा. सज्जा आणि झाड एकमेकांच्या आड आले तर राजेलोकांच्या मते चूक झाडाची असते. रत्नपाळाने हैबती माळ्याला बोलावून घेतलं.

"परवा शेजारचा राजा पाहुणा म्हणून येतो आहे," राजा म्हणाला. "त्याआधी हे झाड नको."

हैबती म्हणाला, "आज्ञा, महाराज."

त्या राज्यातल्या माळ्यांचा एक रिवाज होता. झाड पाडण्याआधी बुंध्याशी मूठभर तांदूळ आणि एक सुपारी ठेवायची, हात जोडायचे आणि म्हणायचं, "इथे जो कोणी राहत असेल त्याने जागा बदलावी, इथे कुऱ्हाड चालणार आहे." मग तीन दिवस थांबायचं. तिसऱ्या सकाळी बुंध्यावर थाप मारायची, आत काही हलत नाही याची खात्री करायची, आणि मगच पहिला घाव घालायचा. हैबतीने तांदूळ ठेवले, सुपारी ठेवली, शब्दही नीट उच्चारले. पोपट गेले. साळुंक्या गेल्या. खारी पिल्लं तोंडात धरून गेल्या. शेंड्यावर एक म्हातारा समंध राहायचा, तोसुद्धा आपलं बोचकं काखेत मारून कुरकुरत निघून गेला. एका दिवसात झाड रिकामं झालेलं पाहून हैबतीला वाटलं, आता कोण उरलंय? शिवाय राजाचा माणूस पाठीशी उभाच होता. तीन दिवस थांबणं राहिलं, थाप मारणंही राहिलं.

उरली होती धनेशाची मादी. धनेश पक्ष्यांची रीत अशी की अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी राहते. आत तिची पिसं झडतात, तिला उडता येत नाही. नर दिवसभर उंबरं आणि वडाची फळं आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. पिल्लं मोठी झाली की ती चोचीने दार फोडून बाहेर येते. जागा बदला, हे शब्द तिलाही ऐकू गेले असतील. पण ती जाणार कुठून?

दुपारी बेहडा पडला. ढोली खाली आली, आणि तिच्यात जे होतं ते वाचलं नाही.

संध्याकाळी धनेश आला. चोचीत उंबर होतं. जिथे झाड असायचं तिथे हवेत त्याने तीन घिरट्या घातल्या, मग तो उरलेल्या बुंध्यावर उतरला, उंबर खाली ठेवलं आणि माणसाच्या वाणीने बोलला.

"माळ्या, तू सगळ्यांना जायला सांगितलंस. जिला दार नव्हतं तिचं काय?"

हैबतीने हातातली कुऱ्हाड खाली ठेवली.

"मग तूही तसाच हो," धनेश म्हणाला. "लाकडात राहा. साल पायापासून चढेल. शेवटी तोंड मिटेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती महालाला लागूनच असलेल्या आपल्या घराबाहेर पडला, अंगणात दोन पावलं चालला, आणि तिसरं पाऊल उचललं गेलं नाही. घोट्यांपर्यंत साल आली होती. महालाच्या आवारातली सगळी पाखरंही त्याच दिवशी निघून गेली, आणि सज्जातून तलाव अगदी स्वच्छ दिसू लागला.

हैबतीची बायको भिवरा. ती माळ्याचीच मुलगी, माळ्याचीच सून, आणि रडायच्या आधी बघायची सवय असलेली बाई. तिने नवऱ्याच्या पायाशी बसून सालीवर नखाने ओरखडा काढला. आतून हिरवं निघालं. म्हणजे हा रोग नव्हता, ही वाढ होती, आणि वाढ आपोआप थांबत नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं. ती उठली आणि थेट बुंध्यापाशी गेली. धनेश तिथेच बसला होता.

"पक्षिराज, माझ्या धन्याचं चुकलं."

"चुकलं."

"उपाय सांगा."

"इथे फुलांचा ताटवा कर," धनेश म्हणाला. "त्यात फूल उमललं की साल गळेल."

"ताटवाच कशाला? मी बेहड्याचंच रोप लावते."

"बेहडा वाढायला तीनशे वर्षं लागतात. तेवढा वेळ तुझ्या नवऱ्यापाशी नाही, आणि माझ्यापाशीही नाही. कामं तीन आहेत. आधी मुळं काढ. एकही आत राहू नये, आणि लोखंड लावू नये. इथे लोखंड एकदा लागलं तेवढं पुरे. मग खड्डा भर. मग पेर. त्याचं तोंड मिटायच्या आत फूल आलं पाहिजे."

भिवराला वाटलं, यात शाप तो काय? मुळं काढणं, माती भरणं, पेरणं, हे कुठलाही माळी करतो. आपल्याला येणारं काम सोपं वाटणं ही माणसाची जुनी खोड आहे.

महालाचा कारभारी लगेच सल्ला द्यायला आला. सल्ला देणाऱ्याला खणावं लागत नाही. "एवढी खटपट कशाला?" तो म्हणाला. "बुंध्यावर चार गाड्या माती लोटा, वर रोपं खोचा. खाली काय आहे ते कोणाला दिसतं?"

अंगणात उभ्या असलेल्या हैबतीने ते ऐकलं. पाय गेले होते तरी माळीपण गेलं नव्हतं. तो ओरडला, "भिवरा, ऐकू नकोस! बुंधा खाली कुजला की वाफा खचेल. आणि कच्चं लाकूड कुजताना मातीचाच कस खातं, वरचं सगळं पिवळं पडेल. भुसासुद्धा वेचून काढ."

"मला शिकवू नका," भिवरा म्हणाली. "गप्प उभे राहा."

"दुसरं काय करणार?" हैबती म्हणाला.

तिने बांबूच्या पहारी केल्या, टोकं विस्तवावर भाजून कडक केली. म्हशीच्या शिंगाने ती माती उकरी, घागरीने पाणी सोडून मुळं मोकळी करी, दोर बांधून ओढी. बेहड्याची मुळं मुकाट्याने सुटली नाहीत. प्रत्येक मूळ सुटताना काय धरून होतं ते सांगे. एक म्हणालं, "मी विहिरीचा कठडा धरला होता," आणि कठडा बोटभर कलला. भिवराने त्याखाली दगड लावले. दुसरं म्हणालं, "मी गजशाळेची भिंत धरली होती," आणि भिंतीला चीर गेली. भिवराने तिला टेकू दिला. अशी चाळीस मुळं निघाली आणि चाळीस टेकू लागले. वैशाख गेला, ज्येष्ठ उजाडला, हैबतीच्या गुडघ्यांवर साल आली, आणि एकच मूळ उरलं. ते महालाच्या पायाखालून थेट दरबारात गेलं होतं.

भिवरा दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, शेवटचं मूळ सिंहासनाखाली आहे. आपण उठावं."

"राजा सिंहासनावरून दोनदाच उठतो," रत्नपाळ म्हणाला. "लढाईला आणि मरणाला."

"मग दोन्हींतलं एक समजून उठावं, महाराज. मी बाहेरून दोर ओढायला लावला आहे."

तेवढ्यात सिंहासन एका अंगाला कललं आणि राजा उठला. फरशी उचकटली. मूळ वर आलं ते मूठ आवळूनच, आणि त्या मुठीत तांब्याचा एक हंडा होता. हंडा मोहरांनी काठोकाठ भरलेला होता.

"मी हा धरला होता," मूळ म्हणालं. "याला हात लावील त्याच्या तोंडात माती."

दरबारात सगळ्यांनी ते ऐकलं. राजानेही ऐकलं, आणि हात घातला. धन समोर असलं की शहाण्याचाही कान बंद होतो, आणि रत्नपाळ मुळात फार शहाणा नव्हता. त्या दिवसापासून राजाने काहीही खाल्लं तरी त्याला मातीची चव लागू लागली. पुरणपोळी माती, आमरस माती, पानाचा विडाही माती. हंडा त्याने तळघरात टाकला. चव मात्र जिभेवरच राहिली.

पहिलं काम झालं. आता दोन पुरुष खोल खड्डा उरला.

भिवराने नदीकाठची गाळाची माती आणली. बारा गाड्या टाकल्या. सकाळी पाहिलं तर खड्डा जसाच्या तसा. तिने डोंगरची तांबडी माती आणली, शेतांतली काळी आणली, मेंढ्या बसवलेल्या रानातली खतावलेली आणली. खड्डा सगळी गिळून टाकी, ढेकरही देत नसे. गाडीवान कंटाळले. आषाढ अर्धा सरला. साल हैबतीच्या कमरेपर्यंत आली आणि त्याचे हात कोपरांपर्यंत आखडले. भिवराने त्याच्या डोक्यावर पानांचं इरलं बांधलं आणि ती त्याला हाताने घास भरवू लागली. घास भरवताना ती रागावलेली असे, कारण रागावली नसती तर तिला भीती वाटली असती.

इकडे राजाने तीन आचारी हाकलले होते. चौथ्याने धीर करून सुचवलं की मातीचा विषय आहे, तर माळणीला विचारावं. राजाने भिवराला बोलावलं.

"माळणी, माझ्या तोंडातली माती घालवायला काही औषध आहे?"

"आधी सांगावं महाराज, कुठली माती लागते?"

"कुठली म्हणजे? माती ती माती."

"तसं नसतं. जुने माळी जिभेवर चिमूट ठेवून जमीन पारखतात. खारट लागते? चिकट लागते? कचकचते?"

राजाने घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. अन्नाकडे त्याने आयुष्यात पहिल्यांदाच इतकं लक्ष दिलं. "खारट नाही," तो म्हणाला. "कचकचत नाही. मऊ आहे, भुसभुशीत. जुन्या पानांचा वास येतो. आणि गिळताना जीभ ओढून धरते, अशी तुरट."

"तुरट?" भिवराने विचारलं.

"बेहड्याच्या फळासारखी."

भिवरा तिथेच उभी राहिली. तिला कळलं, आणि कळल्याची तिला लाज वाटली. गेली वीस वर्षं रोज सकाळी तीच महालापुढचं अंगण झाडत होती. तिच्याआधी तिची सासू झाडायची, तिच्याआधी आजेसासू. राजाचं अंगण लख्ख हवं, म्हणून बेहड्याचं पान खाली पडलं की उचलायचं आणि मागच्या भिंतीवरून पलीकडे फेकायचं, हा घराण्याचा नेम. झाड दरवर्षी आपलं जेवण आपल्या पायाशी वाढून घेत होतं, आणि तिच्या घराण्याने तीनशे वर्षं ते ताटावरून उचलून फेकलं होतं. खड्ड्याने परकी माती गिळली तर त्यात नवल नव्हतं. उपाशीच होता तो.

ती महालाच्या मागे गेली. भिंतीपलीकडच्या ओघळीत तीनशे वर्षांचा पाला कुजून त्याची काळी माती झाली होती, पुरुषभर खोल, मुठीत धरली की गोळा व्हावा आणि बोट लावलं की फुटावा अशी. तिथे टोपल्या विणणाऱ्यांची वस्ती होती, आणि त्या मातीवर त्यांची वांगी-मिरची झकास होत असे.

"तुमच्या परसातली माती हवी आहे," भिवरा म्हणाली.

वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई म्हणाली, "आमची कसली? तुमच्याच केराची आहे. टोपल्याही घेऊन जा, वाहून न्यायला माणसंही घेऊन जा. वाफ्यांपुरती आमच्याकडे ठेवा म्हणजे झालं."

पहिली टोपली खड्ड्यात पडली आणि पडली तिथेच राहिली. राजाला बोलावलं. त्याने चिमूटभर माती तोंडात टाकली, चघळली आणि म्हणाला, "हीच." राजाने केलेलं हे पहिलं उपयोगाचं काम. तीन दिवस टोपल्या चालल्या. नवी माती बसते, हे ठाऊक असल्यामुळे भिवराने ताटवा जमिनीपेक्षा हातभर उंच भरला, पाणी मारलं, आठ दिवस विसावू दिला आणि खचला तेवढा पुन्हा भरला. दुसरं काम झालं.

श्रावणात तिने पेरलं. कडेला तेरडा, त्याच्या आत झेंडू, मधोमध शेवंती. रोपं जोमाने वर आली. पाखरं नव्हती, म्हणून अळ्या माजल्या. भिवरा पानन् पान उलटून त्या हाताने वेची. सकाळी ताटवा, दुपारी नवरा, संध्याकाळी पुन्हा ताटवा. साल छातीवर आली, खांद्यांवर आली, पण कळ्याही धरल्या. नवरात्र बसलं तेव्हा साल गळ्यापाशी होती आणि झेंडूच्या कळ्यांतून पिवळी टोकं दिसू लागली होती. हैबती रोज विचारी, "किती राहिलं?" भिवरा कळी दोन बोटांत धरून बघे आणि सांगे, "पाच दिवस." मग, "चार दिवस." दोघंही मनातल्या मनात सालीचे आणि कळीचे दिवस जोडून बघत, आणि ते जेमतेम जुळत होते.

पण दसऱ्याची मेजवानी राजाच्या तोंडावर आली होती. पंचवीस पक्वान्नं, आणि सगळ्यांची चव एकच. फूल आलं की आपलीही जीभ सुटेल, अशी राजाची समजूत होती. चार दिवस थांबायला तो तयार नव्हता. त्याने अंजनस्वामी नावाच्या मांत्रिकाला बोलावलं.

"फूल लवकर हवं," राजा म्हणाला.

"एका घटकेत देतो," अंजनस्वामी म्हणाला.

भिवरा त्या वेळी नवऱ्याला भात भरवत होती. अंजनस्वामीने ताटव्यावर राखेची मूठ उधळली, सात अक्षरं म्हटली, आणि ताटवा फुलांनी भरून गेला. परातीएवढी फुलं, निळी, सोनेरी, शेंदरी. वास कशालाच नव्हता. देठ मातीत नुसते टेकलेले, खाली मूळच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजाने लाडू तोंडात टाकला आणि थुंकला. धनेश भिंतीवरून म्हणाला, "याला फूल म्हणत नाहीत."

गळ्यापर्यंत आलेली साल त्याच घटकेला हनुवटीवर चढली. भिवरा हातातला घास टाकून धावत गेली. तिन्हीसांजेपर्यंत त्या मायावी फुलांची राख झाली. मरण्याआधी त्यांनी ताटव्यातला सगळा कस शोषून घेतला होता. झेंडूच्या कळ्या देठांवर सुकल्या, शेवंती माना टाकून पडली, तेरड्याचं नाव उरलं नाही.

"महाराज, हे काय केलंत?"

"मला फूल लवकर हवं होतं."

"झाडही आपल्याला लवकरच पडायला हवं होतं," भिवरा म्हणाली.

असं बोलणाऱ्याचं डोकं त्या राज्यात खांद्यावर राहत नसे. पण राजाने शिपायांना हाक मारली नाही. तो सज्जात गेला नाही, मेजवानीलाही बसला नाही. आत जाऊन दार लावून घेतलं एवढं लोकांनी पाहिलं.

भिवराने धनेशाला विचारलं, "पुन्हा पेरू?"

"पेर. पण तोंड आठ दिवसांत मिटेल."

पेरल्यापासून फूल यायला दोन महिने लागतात. हे गणित मांडायला भिवराला बोटं मोजावी लागली नाहीत. ती ताटव्याच्या कडेला बसली. मग हैबतीने हाक मारली. साल ओठांखाली होती, शब्द जड येत होते.

"भिवरा, जागा उघडी टाकू नकोस. उघड्या जागेत तण माजतं."

"तुम्हाला तणाची पडली आहे?"

"मला तुझीच पडली आहे," हैबती म्हणाला. "पण तुझ्याशी बोलायचं म्हणजे तणावरच बोलावं लागतं."

ती उठली. चाळणीने राख वेगळी केली, ओघळीतून पुन्हा टोपल्या आणल्या, माती खालवर केली. वस्तीतल्या म्हातारीने आपल्या दारच्या शेवंतीच्या बुडाला फुटलेली मुनवं दिली, ती तिने ओळीने लावली. आठव्या दिवशी हैबतीचं तोंड मिटलं. डोळेही सालीखाली गेले. ओठ होते तिथे बोटभर रुंदीची एक फट राहिली होती, कोणी मुद्दाम ठेवल्यासारखी.

मुदत संपली होती. शाप पुरा झाला होता. लोक म्हणाले, आता हिने चार दिवस रडावं आणि मग झाडाला पाणी घालावं. भिवराने पातळ पेज शिजवली, वडाच्या पानाची पन्हळ केली, आणि त्या फटीतून थेंब थेंब पेज आत सोडू लागली. एक वाटी पेज संपायला अर्धा दिवस लागे. कधी सगळी पेज सालीवरून बाहेर ओघळलेली दिसे. फटीपाशी बोट धरलं तर कधी ऊब लागे, कधी लागत नसे. ज्या दिवशी लागत नसे त्या दिवशी ती भीतीने गारठून जाई. तिला वाटे, तो केव्हाच गेला आहे आणि आपण लाकडाला जेवू घालतो आहोत. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पेज शिजवी. येणारे-जाणारे हसत. कारभाऱ्याने वैद्य पाठवू का म्हणून विचारलं, ते तिच्यासाठी.

कार्तिक निम्मा झाला. धनेश रोज भिंतीवर असे. त्या दिवशी दुपारी तो प्रथमच खाली अंगणात उतरला. चोचीत उंबर होतं. सवयीने तो रोज एक आणी, आणि मग त्याचं काय करायचं हे त्याला सुचत नसे.

"माळणी, फूल आलं?"

"नाही. अजून कळीही नाही."

"मुदत टळून महिना होत आला."

"ठाऊक आहे."

"मग हे काय करते आहेस?"

"भरवते आहे."

"आत कोणी आहे?"

भिवराचा हात थांबला. "माहीत नाही," ती म्हणाली.

"किती दिवस भरवशील?"

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत तिने त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. "तुम्ही किती दिवस भरवलं असतंत, पक्षिराज?"

धनेशाच्या चोचीतलं उंबर खाली पडलं. तो उडून हैबतीच्या खांद्यावर बसला, मान वाकडी करून त्याने फटीतून आत पाहिलं आणि मग तो म्हणाला, "बाजूला हो."

धनेशाची चोच मोठी असते आणि दार फोडण्यासाठीच असते. पहिल्या टोल्याला साल नुसती वाजली. दुसऱ्याला चीर गेली. तिसऱ्याला ढलपा निघाला आणि आत हैबतीचा ओठ दिसला, पेजेने ओला. धनेश थांबला नाही. तो टोल्यामागून टोला घालत राहिला, गाल मोकळे केले, डोळे मोकळे केले, गळा, छाती. चोचीच्या टोकातून रक्त आलं. भिवरा पुढे झाली तशी तो म्हणाला, "राहू दे. माझी बाहेर आली नाही. तुझा येऊ दे."

शाप देणाऱ्यानेच शाप फोडला, तेव्हा उरलेल्याला धरून राहायला काही कारण नव्हतं. कमरेखालची साल आपली आपणच गळून पडली. हैबती अंगणात उभा राहिला, हडकलेला, उन्हाने डोळे किलकिले केलेला. त्याने एक पाऊल उचललं, मग दुसरं. बायकोचा हात धरून तो सरळ ताटव्यापाशी गेला, वाकला आणि शेवंतीकडे बराच वेळ बघत राहिला.

"दाट लावलीस," तो म्हणाला. "एकाआड एक काढावी लागेल."

भिवरा त्याला काहीतरी खरमरीत बोलायला गेली. ते बाहेर आलंच नाही. ती ताटव्याच्या कडेला बसली आणि भर दुपारी, सगळ्या महालादेखत, हमसून हमसून रडली. हैबती शेजारी बसून एकाआड एक रोपं उपटत राहिला, कारण त्याला दुसरं काय करावं ते कळेना.

मार्गशीर्षात शेवंती फुलली. ज्या सकाळी पहिलं फूल उमललं त्या सकाळी राजा रत्नपाळाने भाकरीचा तुकडा मोडला, आणि त्याला भाकरी भाकरीसारखी लागली. त्याने कोरडीच भाकरी खाल्ली, दुसरी मागितली, मग तिसरी. दुपारी त्याने दवंडी पिटवली की राज्यात कोणतंही झाड तोडायचं असेल तर तीन दिवस थांबावं, आणि राजाचं झाड असेल तर बुंध्यावरची थाप राजाने स्वतः मारावी. फुलांवर आधी मधमाश्या आल्या, मग साळुंक्या, मग पोपट. समंधही येऊन चौकशी करून गेला, पण ताटव्यात राहण्यासारखं त्याला काही दिसलं नाही.

धनेश त्या दिवशी निघाला. भिवरा त्याच्या वाटेत उभी राहिली.

"पक्षिराज, इथेच राहा. भिंत आहे, ऊन आहे. उंबरं मी रोज आणून देईन."

"कोणाला?" धनेश म्हणाला, आणि डोंगराकडे उडाला.

शाप सुटला, राज्य मार्गी लागलं, माळी-माळीण पुढे पुष्कळ वर्षं भांडत सुखाने नांदली. जे मिटायचं होतं ते मिटलं, जे मिटणार नव्हतं ते डोंगरापलीकडे गेलं. सांगणाऱ्याने सांगितलं, ऐकणाऱ्याने ऐकलं, कहाणी इथे पुरी झाली.